आक्कानं उकळलेलं इंजिन

आक्काच्या हातात वस्तू आली की ती स्वच्छ होऊनच सुटायची; मग तो चमचा असो, कुणाचा चष्मा असो, नाहीतर शेजारणीचं शेंबडं पोर असो. यात तिचा काही दोष नव्हता. उभं आयुष्य तिनं एका मोठ्या इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीमागच्या धुण्याच्या खोलीत काढलं होतं. रक्तानं माखलेले चिमटे आणि कात्र्या तिच्याकडे यायच्या आणि तिच्या हातून लख्ख होऊन, उकळून, पुसून, पांढऱ्या फडक्यावर ओळीनं लागून परत जायच्या. ओळ कशी, तर जातीवार आणि उंचीवार. मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता नुसता हात पुढे केला, की हवं तेच हत्यार हातात पडलं पाहिजे, ही तिथली शिस्त. ती आक्काच्या हाडात मुरली होती.

नवरा लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नव्हतं. नोकरी संपली तशी इस्पितळानं दिलेली खोलीही सोडावी लागली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ती म्हणाली, "आता मला कुठं जायची घाई नाही, तर घड्याळ देताय होय रे?" सगळे हसले, आणि मग दोन-तीन सिस्टर रडल्या.

तिला न्यायला तिचा धाकटा भाऊ आला. अख्खी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची, पण आक्का त्याला छोट्या म्हणायची. हा छोट्या दारातून वाकून आत येणारा, टक्कल पडलेला, आजोबा व्हायच्या वयाला टेकलेला गडी. पण नाव पडलं ते पडलं. त्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून थेट गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरायचं. त्या एका उंबरठ्यावर भावजयीनं पायपुसणी टाकली होती. अलीकडे घर, पलीकडे तेल. अलीकडे तेलाचं एक पाऊल उमटलं की मिस्त्रीची धडगत नसायची.

भावजय स्वभावानं चांगली. इतकी चांगली, की आक्काला हात हलवू द्यायची नाही. आक्का भाजी निवडायला बसली की, "राहू द्या वन्सं, तुम्ही बसा." केरसुणीला हात लावला की, "बसा हो, आयुष्यभर राबलात." आक्का बसायची. खिडकीशी बसायची, पलंगावर बसायची, देवापुढे बसायची. बसून बसून तिला वाटायला लागलं, की आपण माणूस नसून पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची आहोत.

इस्पितळातली तिची एक मैत्रीण बायकांच्या एका आश्रमात राहायला गेली होती. ती फोनवर म्हणायची, "इकडे ये. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. इथं निदान आपापली भांडी आपण घासतो." आक्का म्हणायची, "बघते." भावाला मात्र ती यातलं काही बोलली नव्हती.

त्याच सुमाराला बेकरीवाल्याची व्हॅन शेडमध्ये आली. आली म्हणजे ढकलत आणली. बेकरीवाला रोज सकाळी तीच घेऊन दुकानादुकानात पाव पोचवायचा. गाडी त्याच्या वडलांनी घेतलेली. ती बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं, पण बेकरीवाल्यानं काही ते बंद केलं नव्हतं.

"चढावर धापा टाकते, मिस्त्री," तो म्हणाला. "आणि मागून निळा धूर. गिऱ्हाईक म्हणतं, आज पाव जरा जास्त भाजलाय का?"

"तेल जाळतेय. किती घालावं लागतं?"

"डिझेलच्या बरोबरीनं. म्हटलं आता उलटं करावं, टाकीत तेल भरावं आणि इंजिनात डिझेल."

"तू नकोच काही करूस," मिस्त्री म्हणाला. "चावी ठेव आणि जा."

मिस्त्रीनं इंजिन उतरवलं आणि सगळं सुटं केलं. आक्का उंबरठ्याच्या अलीकडे, पायपुसणीवर स्टूल टाकून बघत बसायची. तिला त्याचं काम आवडायचं. पोट उघडायचं, काय सडलंय ते बघायचं, उरलेलं सांभाळायचं. तिच्या ओळखीचंच होतं ते. सिलिंडर झिजून लांबट गोल झाले होते. ते बोअर करून मोठे करायचे आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या जाड दांड्यावर, क्रँकवर, ओरखडे होते, तो लेथवाल्याकडे जाऊन घासून गुळगुळीत व्हायचा होता. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकी घासून नव्यासारख्या करायच्या. जे झिजलं ते एकतर बदलायचं, नाहीतर घासून दुसऱ्या मापाचं करायचं. मिस्त्री एकेक भाग काढायचा, डोळ्याजवळ धरायचा, आणि "हं" म्हणायचा. त्या "हं"चेही प्रकार होते. एक बऱ्याचा, एक वाईटाचा, आणि एक "मालकाला सांगू कसं" असा.

शेवटी आठ तुकडे त्यानं फार जपून काढले. बोटाएवढे, पोलादी, उपड्या घातलेल्या छोट्या पेल्यासारखे दिसणारे. ते त्यानं अंड्यांच्या जुन्या कागदी ट्रेमध्ये, एकेका खळग्यात एकेक, असे ठेवले आणि ट्रे वरच्या फळीवर सारला. या आठांना टॅपेट म्हणतात, एवढं त्यानं सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. आक्कानंही विचारलं नाही.

मग एके दिवशी मिस्त्री क्रँक आणायला लेथवाल्याकडे गेला. भावजय बाजारात गेली होती. घर गप्प होतं. आक्काची पूजा झाली होती, पेपर वाचून झाला होता, बसूनही झालं होतं. तिनं मागचं दार उघडलं आणि तिची नजर त्या फळीवरच्या ट्रेवर गेली.

ट्रे तेलानं काळाकुट्ट झाला होता. एक कोपरा फाटलेला. त्यातले ते आठ तुकडे तेलाच्या रेंद्यात बसलेले, वर धुळीचा थर. आक्काला ते बघवेना. इस्पितळात एखादं हत्यार असं ठेवलं असतं, तर हेडसिस्टरनं घर डोक्यावर घेतलं असतं. तिला वाटलं, छोट्याला किती काम असतं. एकटा काय काय करील. आपण एवढं करून ठेवलं तर तेवढाच त्याला आधार.

तिनं पदर खोचला. शेडमधलंच एक जुनं पातेलं घेतलं, त्यात सोडा घालून पाणी उकळलं, आणि आठही तुकडे त्यात सोडले. मग ब्रशनं घासले, पुन्हा उकळले, कोरडे केले आणि गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवलं. काळा रेंदा, तपकिरी डाग, सगळं गेलं. आरशासारखे चमकायला लागले. मग तिनं पांढरं फडकं पसरलं, काचेच्या तुकड्यावर ते दोन दोन उभे करून, वरून तळहात फिरवून, कोण कणभर उंच आणि कोण कणभर बुटका ते पाहिलं, आणि उंचापासून बुटक्यापर्यंत ओळ लावली. फाटका ट्रे कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

मिस्त्री दुपारी आला. क्रँक खाली ठेवला आणि वळला, तर समोर पांढरं फडकं.

"हे कुणी केलं?"

"मी," आक्का म्हणाली. शाबासकी घ्यायला उभ्या असलेल्या मुलीसारखी ती उभी होती.

"क्रमानं काढलेस?"

"क्रमानंच लावलेत की. उंच ते बुटके."

"ट्रे कुठाय?"

"टाकला. किती घाण होता तो."

मिस्त्री नळाशी गेला आणि त्यानं हात धुतले. भर दुपारी, काम समोर असताना मिस्त्रीनं हात धुतले, तेव्हा आक्कानं खोचलेला पदर सोडला. डॉक्टर ऑपरेशन अर्धं सोडून हात धुवायला लागले की काय समजायचं, ते तिला ठाऊक होतं.

"काय झालं रे?"

"बस," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नसावं. "बस म्हणजे, सांगतो."

त्यानं इंजिनातली एक लांब दांडी आणून तिच्यापुढे ठेवली. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे होते. "ही कॅमशाफ्ट. ही आत फिरते. एकेका उंचवट्यावर एकेक टॅपेट उभा असतो. उंचवटा वर आला की टॅपेट उचलला जातो, आणि त्याच्या जोरावर वरचा व्हॉल्व्ह उघडतो. कळलं?"

"कळलं."

"आता हा टॅपेट आणि हा उंचवटा, दोघं एवढी वर्षं एकमेकांवर घासत आलेत. एक जिथं झिजला तिथं दुसरा त्याच्या बेतानं झिजला. पायातल्या चपलेसारखं बघ. तुझी चप्पल झिजली तरी तुला चावत नाही. तीच दुसऱ्यानं घातली तर चार पावलांत लंगडेल. ट्रेच्या फाटक्या कोपऱ्यापासून पहिला, दुसरा, तिसरा, असे लावले होते मी. ज्याचा त्याला परत द्यायला."

आक्का त्या चमचमणाऱ्या ओळीकडे बघत राहिली. "निदान डागांवरून?"

"तो काळा डागच त्यांचा पत्ता होता, आक्का. तोसुद्धा तू उकळून टाकलास."

"दुसरे आण ना विकत."

"मिळत असते तर झिजके कशाला जपले असते? जुना बाजार पालथा घालून झालाय."

"घासून सारखे कर मग. क्रँक केलास तसा."

"ते एकदा करून झालंय, मागच्या खेपेला. वरची कडक साल पातळ असते. आता घासलं तर खालचं मऊ लागेल."

"आणि तसेच बसवले, अंदाजानं?"

"गाडी चालू होईल. बेकरीवाला खूश होऊन जाईल. मग दोघं एकमेकांना खायला लागतील, लोखंडाचा चुरा तेलात उतरेल, तेल इंजिनभर फिरेल, आणि आत्ता केलेलं सगळं पाण्यात."

आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत जाऊन देवापुढे उभी राहिली. देवाला काळजी सांगायची तिला सवय होती, मागायची नव्हती. त्या दिवशीही तिनं नुसतं सांगितलं. मग बाहेर येऊन ती भावाला म्हणाली, "छोट्या, ही गाडी धड झाली नाही, तर मी इथं राहायची नाही. माझी मैत्रीण बोलावतेय. जाईन तिच्याकडे."

शेडच्या दारात पिशव्या घेऊन भावजय उभी होती. ती केव्हा आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"कुठं जाणार वन्सं?" तिनं विचारलं.

आक्कानं खरं ते सांगून टाकलं. इथं आपला काही उपयोग नाही, बसून राहायचं तर तिथंही बसता येईल, आणि उपयोग करायला गेलं तर हे असं होतं.

भावजयीनं पिशव्या खाली ठेवल्या. ती म्हणाली, "माझी आई चुलीपुढून उठली ती थेट गेलीच. मरेपर्यंत तिला कुणी 'बस' म्हटलं नाही. मी लहान होते, मीही म्हटलं नाही. तुम्ही आलात तेव्हा ठरवलं होतं, या बाईला रोज म्हणायचं." आणि ती पिशव्या उचलून आत गेली. पायपुसणीवर पाय न पुसता गेली, यावरून तिच्या मनाचं काय झालंय ते दोघा भावंडांना कळलं.

मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला, "जायचंबियचं मागाहून बघू. आधी चष्मा आण तुझा."

संध्याकाळी बेकरीवाला डोकावला. तो रोज डोकावायचा, आजारी माणसाला बघायला आल्यासारखा. मिस्त्री खाकरला, पण आक्कानं त्याला हातानं थांबवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं, एक अक्षर न वगळता.

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. थट्टा त्याच्या तोंडात तयार असायची, ती यायला त्या दिवशी जरा वेळ लागला. "म्हणजे मावशी, मी गाडी ऑपरेशनला सोडली, आणि तुम्ही तिला आंघोळ घातलीत."

"तसंच."

"साबण तरी चांगला होता ना?"

"सोडा होता."

"मग ठीक आहे. आमच्याकडे पावातही सोडाच असतो." तो हसला, पण लगेच मिस्त्रीकडे वळला. "खरं सांग. होईल का? सायकलवर किती दिवस पाव वाहू? निम्मी दुकानं दुसऱ्याकडून घ्यायला लागलीत."

"बघतो," मिस्त्री म्हणाला. हे 'बघतो' ऐकून आक्काला फार वाईट वाटलं. डॉक्टरही नातेवाइकांना असंच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भावंडं शेडमध्ये बसली. मिस्त्रीनं मायक्रोमीटर काढला आणि कॅमशाफ्टचे आठही उंचवटे मोजायला घेतले. कुठला जास्त झिजलाय, कुठला कमी. मोजता मोजता तो थबकला.

"आक्का, तुझी ओळ उंचीची आहे ना?"

"हो. चुकायची नाही. हवं तर मोज."

त्यानं मोजून बघितली. एकाही जागी चूक नव्हती. "जो उंचवटा जास्त झिजला, त्याच्यावरचा टॅपेटही बहुतेक जास्त झिजला असणार," तो म्हणाला. "म्हणजे या टोकाचा बुटका त्या सगळ्यात वाईट उंचवट्याचा. आणि तो सगळ्यात उंच, तो या चांगल्याचा. दोन टोकं तरी हाती लागली."

त्यानं त्या बुटक्याच्या तळाला निळा रंग फासला, इंजिनात घातला, कॅमशाफ्ट हळूच फिरवली आणि टॅपेट बाहेर काढला. तळावरची जुनी घासलेली वाट जिथं जिथं होती, तिथला तिथला रंग पुसला गेला होता. बाहेर कुठं नाही, आत कुठं कमी नाही. "हाच," मिस्त्री म्हणाला. हा बऱ्याच्या "हं"पेक्षाही बरा आवाज होता.

पण मधले एकमेकांसारखे होते. तिथं उंचीनं काम होईना. मिस्त्री भिंग लावून तळ बघायचा, बोट फिरवायचा आणि मान हलवायचा. त्याच्या बोटांची कातडी घोरपडीसारखी झाली होती, तिला एवढं बारीक काही कळत नव्हतं.

"मला दे," आक्का म्हणाली.

इस्पितळात सुईचं टोक वाकलंय का, कात्रीच्या धारेला दात पडलाय का, हे ती डोळ्यांनी बघत नसे. डोळे फसवतात. ती नखाची कड फिरवायची. तिनं डोळे मिटले, टॅपेट उलटा धरला आणि त्याच्या तळावरून नख ओढलं.

"याच्यावर एक रेघ आहे. मधोमध नाही, एका अंगाला."

मिस्त्रीनं कॅमशाफ्ट तिच्या मांडीवर ठेवली. भावजयीच्या धुतलेल्या चादरीवर बसली होती आक्का; पण स्वयंपाकघरातून बघत असलेली भावजय काहीच म्हणाली नाही. आक्का एकेका उंचवट्यावरून नख फिरवत गेली. "नाही. नाही. इथं गुळगुळीत आहे. इथं खरखर आहे, पण रेघ नाही." आणि मग, "हा. इथं तिचाच जोडीदार आहे. बारीक उंच धागा."

निळा रंग, फिरवणं, काढणं. जमलं. मिस्त्री नुसता रंगाची डबी उघडून धरून बसला. एकेक टॅपेट आपल्या घरी जाऊ लागला. दुपारपर्यंत दोनच उरले, आणि दोनच उंचवटे. आणि हे दोघं मात्र जुळे असावेत तसे. उंची एक, झीज एक, नखालाही फरक लागेना. निळा रंग दोन्हीकडे सारखाच पुसायचा.

मिस्त्री थकला होता. "जाऊ दे," तो म्हणाला. "एवढे सारखे आहेत तर कुठलाही कुठंही चालेल. घालू अंदाजानं."

"अंदाज नाही," आक्का म्हणाली.

"अगं, फरकच नाही तर..."

"ऑपरेशन झाल्यावर एक कापसाचा बोळा कमी भरला, तर आम्ही पोट शिवू द्यायचो नाही. डॉक्टर म्हणायचे, असेल तिथंच कुठंतरी. नसायचा तो कुठंतरी. थांब जरा. तो जिथं वरखाली होतो, ते भोकही झिजलं असेल ना?"

मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं. मग एक टॅपेट तेलात बुडवून एका भोकात सोडला. तो थोडा डुगडुगला आणि टपकन खाली गेला. तोच काढून दुसऱ्या भोकात सोडला. तिथं तो डुगडुगला नाही. वरच्या वर थांबला, आणि मग आपल्याच वजनानं, तेल बाजूला सारत, सावकाश खाली उतरला. जसा माणूस अंधारात आपल्या घराचा जिना उतरतो, न चाचपडता.

"पुन्हा कर," आक्का म्हणाली.

पुन्हा केलं. मग दुसऱ्या टॅपेटनं करून पाहिलं. तोही एका जागी टपकन गेला आणि उरलेल्या जागी सावकाश उतरला. शंका राहिली नाही. भावंडं एकमेकांकडे बघून हसली, आणि भावजय चहा घेऊन आली. तीन कप होते. तिनं स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेडमध्ये बसून चहा प्यायली.

इंजिन जोडायला पुढचे काही दिवस गेले. जे धुवायचं होतं ते सगळं आक्काकडे आलं. पिस्टनच्या रिंगा, बोल्ट, तेलाचा पंप. प्रत्येक वेळी मिस्त्री सांगायचा, "याला क्रम आहे," किंवा "याला क्रम नाही, काय वाटेल ते कर." आणि आक्का प्रत्येक वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायची नाही. कानाला खडा लावला होता तिनं. चमच्यालासुद्धा विचारू लागली, तेव्हा भावजय म्हणाली, "वन्सं, चमच्याला क्रम नाही. घासा बिनधास्त."

गाडी चालू करायच्या दिवशी बेकरीवाला बेकरी बंद ठेवून आला. मिस्त्रीनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं, आणि धुराचा एवढा मोठा लोट सोडून धडधडायला लागलं. बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

"जोडताना लावलेलं तेल जळतंय," मिस्त्री ओरडून म्हणाला. "थांबा."

थांबले सगळे. धूर निळ्याचा करडा झाला, करड्याचा पांढुरका, आणि मग मागच्या नळीतून नुसती गरम हवा यायला लागली. आवाज एकसारखा झाला. चांगलं शिवणयंत्र चालावं तसा.

पण आक्काचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. चालू होईल हे छोट्यानं आधीच सांगितलं होतं. अंदाजानं लावले असते तरी चालू झालीच असती. खरी परीक्षा पुढची. मिस्त्रीनं प्रत्येक टॅपेट आणि त्याचा व्हॉल्व्ह यांच्यामधली फट पातळ पात्यांनी मोजून ठेवली होती. टॅपेट आणि उंचवटे एकमेकांना खात असतील, तर काही दिवसांच्या धावण्यात ती फट वाढणार होती. बेकरीवाल्यानं पाव वाहायला सुरुवात केली, आणि आक्का रोज सकाळी गाडी गल्लीतून गेली की दारात येऊन कान देऊ लागली. जेवण जाईना. झोप लागली न लागली असं व्हायचं.

ठरलेल्या दिवशी बेकरीवाला व्हॅन घेऊन आला. इंजिन गार झाल्यावर मिस्त्रीनं वरचं झाकण काढलं. पातं पहिल्या फटीत घातलं. जेमतेम, थोडं अडत, जसं हवं तसं गेलं. दुसऱ्या फटीत तसंच. आक्का त्याच्या खांद्यामागे उभी होती आणि मनात देवाचं नाव घेत होती. आठव्या फटीतून पातं काढून मिस्त्रीनं ते पुसलं, डबीत ठेवलं आणि म्हणाला, "हलली नाही. एकही हलली नाही." मग त्यानं तेल काढून पांढऱ्या कापडावर ओतलं आणि ते कापड बहिणीच्या हातात दिलं. तिनं ते उजेडात धरून सगळीकडून बघितलं. चुऱ्याचा कण नव्हता.

आक्का खालीच बसली. तिला बस म्हणावं लागलं नाही.

तेवढ्यात आतून फोन वाजला. भावजयीनं तो आणून दिला. मैत्रीण होती. ती खोली कुणीतरी मागत होतं, तुझं काय ते सांग, म्हणत होती.

"देऊन टाक तिला," आक्का म्हणाली. "नाही, नाही, तब्येत बरी आहे. अगं, इथं गॅरेजमध्ये धुण्याचं काम असतं. ते कोण करील?"

भावजय फोन घेऊन आत गेली. तिच्या पाठीवरून ती हसतेय की रडतेय ते कळेना.

नवं तेल भरून झाल्यावर बेकरीवाला म्हणाला, "मावशी, चला. तुमची एक चक्कर राहिली आहे. चढावर नेतो."

आक्का पुढे त्याच्या शेजारी बसली, मिस्त्री मागे पावांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये दुमडून बसला. गाडी बाजारातून निघाली, शाळा ओलांडली, आणि तो चढ लागला. जिथं ती धापा टाकायची, तिथं तिनं नुसता आवाज थोडा जाड केला आणि चढत राहिली. काचेतून ऊन आत येत होतं. सीटखालून इंजिनाची ऊब आणि एकसारखी घरघर येत होती. बेकरीवाला आपल्या वडलांची गोष्ट सांगत होता, ते हीच गाडी याच चढावर कशी एका हातानं चालवायचे त्याची. ऐन रंगात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मधलं हुं हुं बंद झालंय.

त्यानं बाजूला बघितलं. आक्काची मान खिडकीकडे कलली होती, किंचित उघड्या तोंडातून बारीक घोरणं येत होतं, आणि हात मांडीवर निवांत पडले होते.

"मिस्त्री," तो कुजबुजला, "मावशी झोपल्या. वर पोचलो, आता मागं वळवू?"

मिस्त्रीनं खोक्यांमधून डोकं पुढे काढून बहिणीकडे बघितलं.

"गचका देऊ नकोस," तो म्हणाला. "लांबच्या रस्त्यानं घे."